एकाच कॉइलचा जयवंतदादा

जयवंतदादा गिटार वाजवायचा तेव्हा त्याचं तोंड संडासाच्या दाराकडे असायचं.

बडोद्यातल्या निजामपुऱ्यात, त्याच्या फ्लॅटमध्ये तेवढी एकच दिशा अशी होती, की तिकडे तोंड केलं की गिटारीची गुणगुण कमी व्हायची. नव्या पाहुण्याला वाटायचं, आत कोणीतरी अडकलंय आणि हा त्याला गाणं ऐकवून धीर देतोय. शैलावहिनी चहाचा कप पुढे ठेवत थंडपणे सांगायच्या, "आत कोणी नाही. बसा तुम्ही."

तो माझा चुलत भाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. त्याला जाऊन वर्ष होत आलं. आमच्या घराण्यात कोणी गेलं की त्याच्याविषयी चार पानं लिहायचं काम माझ्याकडे येतं. म्हणे, मी जरा गमतीचं लिहितो. मामांवर मी आठ दिवसांत लिहिलं होतं. दादावर लिहायला मात्र वर्षभर कारणं शोधत बसलो. आधी चष्म्याचा नंबर बदलला होता, मग मुलीचं लग्न होतं. खरं कारण पुढे येईलच.

आधी थोडं त्या वाद्याविषयी. विजेच्या गिटारीत तारांखाली बोटभर लांबीची एक डबी असते. तिला पिकअप म्हणतात. आत सहा लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर तार थरथरली की ते या वेढ्यांना कळतं, त्यांच्याकडून ॲम्पला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या खोक्याला कळतं आणि ॲम्पकडून अख्ख्या सोसायटीला. एका कॉइलचा पिकअप स्वभावानं फार हळवा. त्याला ट्यूबलाइट कळते, मिक्सर कळतो, खालची पाण्याची मोटारही कळते आणि तो सारखा हुं हुं करत राहतो. यावर तोड जगानं केव्हाच काढली आहे. दोन कॉइल उलटसुलट जोडायच्या, म्हणजे एकीची गुणगुण दुसरी गिळते. त्याला हंबकर म्हणतात. हार्ड रॉक आणि पंक असलं कानठळ्या बसवणारं वाजवायचं तर बहुतेक लोक हंबकर घेतात, कारण आवाज मोठा केला की हुं हुं पण मोठं होतं.

दादा पंक वाजवायचा, आणि एका कॉइलवर वाजवायचा.

"हंबकरमधून पंक म्हणजे गोधडीतून दिलेली शिवी," तो म्हणायचा. "शिवी देणाऱ्याचे दात दिसले पाहिजेत." कोणी ॲम्पवर डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज खरखरीत करायचं बटण शेवटपर्यंत फिरवलं की त्याचा हात धरायचा. "अरे, लिंबू आहे का ते, पिळायला? निम्म्यावर ठेव आणि हात जोरात मार. घाण हातातून आली पाहिजे, बटणातून नाही." मला यातलं ओ की ठो कळत नसे. मी आपला हुं हुं करायचो. त्यावर तो एकदा म्हणाला, "नंदू, तूसुद्धा सिंगल कॉइलच आहेस. नुसता गुणगुणतोस."

आमचे पूर्वज संस्थानच्या पागेत शिलेदार होते. घोडे गेले, पगड्या गेल्या, पुढच्या पिढ्या कारखान्यांत शिरल्या. दादा बाजव्याकडच्या एका कारखान्यात मोटारी वाइंड करायच्या खात्यात तीस-एक वर्षं होता. जळकी मोटार उघडायची, काळी पडलेली तार कापून काढायची, नवी भरायची. त्यामुळे पिकअप बाजारातून आणणं म्हणजे त्याला आचाऱ्यानं हॉटेलातून डबा मागवल्यासारखं वाटे. गिटारही घरचीच. डभोईला कुणाचं तरी सागाचं कपाट मोडीत निघालं होतं, त्याचं एक दार त्यानं बसनं मांडीवर आणलं आणि त्यातून ती कापली. मी एकदा गळ्यात घालून पाहिली. मान दोन दिवस डावीकडे वळत नव्हती.

पिकअप वाइंड करायचा दिवस ठरलेला, रविवार सकाळ. शिलाई मशीनच्या मोटारीवर त्यानं एक यंत्र जुळवलं होतं, त्याला वेढे मोजणारा काउंटर. तार मात्र चिमटीतून सोडायची. जरा ओढली तर तुटते, जरा सैल सोडली तर वेढे फुगतात. तुटली की सगळं पहिल्यापासून, कारण गाठ मारलेला पिकअप त्याला चालत नसे. तार वाऱ्यानं हलायची, म्हणून पंखा बंद. बडोद्याचा मे महिना, दारं-खिडक्या लावलेल्या, पंखा बंद, आणि हा बनियनवर, दोन बोटांत ती न दिसणारी तार धरून. घामाचा थेंब नाकावरून गळायचा, पण बोटं हलायची नाहीत. काही विचारलं तर बोलायचा नाही. एक भुवई वर म्हणजे हो, दोन्ही वर म्हणजे चालता हो. सात हजार सहाशे वेढ्यांना यंत्र थांबवायचा.

"आठ हजार केले की आवाज वाढतो रे, पण धार जाते," म्हणायचा. "थांबता आलं पाहिजे माणसाला."

मग तो पिकअप मेणात शिजवायचा. तसं केलं नाही तर मोठ्या आवाजाला आतले वेढे थरथरतात आणि शिट्टी वाजते. शिजवायला त्याचं म्हणून एक वेगळं पातेलं होतं, पण एकदा ते सापडेना, म्हणून त्यानं वहिनींचं कढीचं घेतलं. नंतर साबणानं तीनदा घासलं, असं तो शपथेवर सांगे. संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला. कढीवर एक पातळ, पांढरी, सुबक साय.

"आज दूध चांगलं दिसतंय," मी म्हणालो. आणि दोन वाट्या प्यायलो.

वहिनींनी चमचा खाली ठेवला, दादाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजींच्या पोटात आता वात घातली की झालं." त्या कधीच फार बोलत नसत. लग्नानंतरची सगळी वर्षं त्यांनी ते हुं हुं ऐकलं, त्यावरून कुकरच्या शिट्ट्या मोजल्या, मुलीला परीक्षेला बसवलं, तिचं लग्न करून तिला सुरतेला पाठवलं.

बँड म्हणजे मुख्यतः दादा आणि भरतभाई. भरतभाईचं पाइप आणि नळांचं दुकान, मागं गोदाम, गोदामात ड्रम. बँडला नाव नव्हतं, कारण दोघांचं एकमत कधी झालं नाही. बोलावणीही बेतानंच यायची. एकदा एका सोसायटीच्या नवरात्रात, गरबा सुरू व्हायच्या आधी, यांना दोन गाणी दिली होती. मंडपात सगळीकडे दिव्यांच्या माळा. दादानं गिटार जोडली आणि असा काही हुंकार उठला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी हात जोडले. दादा दिशा शोधत हळूहळू फिरू लागला. इकडे वळला, तिकडे वळला, आणि शेवटी प्रेक्षकांकडे पूर्ण पाठ करून, प्रसादाच्या टेबलाकडे तोंड करून थांबला. दोन्ही गाणी त्यानं प्रसाद वाटणाऱ्या काकांना ऐकवली. दात दाखवून, किंचाळून, गिटार पार मांडीपर्यंत लोंबकळत. काकांनी गाणं संपल्यावर निमूटपणे त्याच्या हातावर पेढा ठेवला.

"केवुं लाग्युं, काका?" भरतभाईनं ड्रममागून विचारलं.

"माणस सारो छे," काका म्हणाले. माणूस चांगला आहे, एवढंच.

हे सगळं मी सांगतो तेव्हा घरचे हसतात. इथपर्यंत मीही हसवतो.

निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आत दादाला चक्कर यायला लागली. पहिल्यांदा वाइंड करताना. डोकं टेबलावर टेकलं, तार सुटली, यंत्र रिकामंच फिरत राहिलं. "डुलकी लागली," म्हणाला. दुसऱ्यांदा जिन्यात. तिसऱ्यांदा भरतभाईच्या गोदामात, गाण्याच्या मधोमध, गिटारीसकट खाली. कोणीतरी वहिनींना फोन केला. त्या रिक्षानं पोचल्या तेव्हा तो फरशीवर पडलेला, भरतभाई त्याच्या तोंडावर पाणी मारतोय, आणि ॲम्प बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. वहिनींना तो आवाज रस्त्यावरूनच ऐकू आला होता. नुसतं हुं. माणूस निपचित आणि ते हुं चालू.

हृदय मधेच काही सेकंद थांबत होतं. पेसमेकर बसवायला हवा होता.

इथे माझा प्रवेश. तरुणपणी मी आठ महिने एका औषध कंपनीचा एम.आर. होतो. नंतर तीस वर्षं मी विमा कचेरीत कागद हलवतोय, पण घराण्याच्या लेखी मी अजून अर्धा डॉक्टर. कुणाला काही झालं की रिपोर्टाची पिशवी आणि मी, असे दोघे आत जातो. बाकीचे बाहेर बसतात. मी बाहेर येऊन जे सांगेन ते डॉक्टरांचं वाक्य. याला आमच्याकडे कुणी कधी हरकत घेतली नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात, पाण्याच्या कूलरपाशी वहिनींनी मला गाठलं.

"भाऊजी, बाहेर आलात की एवढं सांगा, की गिटार बंद. डॉक्टरांनीच सांगितलं म्हणून सांगा. त्यात मॅग्नेट असतं ना? मग झालं."

"वहिनी, मी विचारतो ना त्यांना."

"विचारू नका." त्यांनी माझी बाही धरली. "ते वाजवा म्हणाले तर?"

आता म्हणताना सोपं वाटतं, की मी वहिनींसाठी केलं. अर्धं खरं आहे. अर्धं हे, की साठीला आलेला माझा भाऊ पंक वाजवतो, हे त्या डॉक्टरांसमोर म्हणायची मला लाज वाटली. मी पथ्य विचारलं, चालणं विचारलं, प्रवासाचं विचारलं. लिंबूपाणी चालेल का, हेसुद्धा विचारलं. आणि बाहेर येऊन दादाला सांगितलं, "लोहचुंबकापासून सहा फूट लांब राहायचं. गिटार, पिकअप, ॲम्प, काही नाही. आयुष्यभर."

सहाच का? करोनात तो आकडा तोंडात बसला होता, तोच बाहेर पडला.

दादानं माझ्याकडे पाहिलं. "सहा फूट? अरे, इवल्याशा मॅग्नेटचं फील्ड वीतभर गेलं तरी पुष्कळ."

"डॉक्टर म्हणाले."

तारेचं मला विचारा, रक्ताचं नको, असं तो नेहमी म्हणायचा. मग शांतपणे म्हणाला, "मग नको ते मशीन."

दोन दिवस तो हटून बसला. वहिनी काही बोलल्या नाहीत, मीही नाही. एकच वाक्य उलटं बोलायचं होतं आणि आम्ही दोघं ते तोंडात धरून बसलो होतो, त्याचं हृदय कधीही थांबेल हे माहीत असून. तिसऱ्या दिवशी सकाळी तो न्हाणीघरात पडला, कपाळाला टाके पडले. शुद्धीवर आल्यावर त्यानं वहिनींचा चेहरा पाहिला आणि म्हणाला, "बसवा."

पेसमेकर बसला. त्याची इंग्रजी माहितीपुस्तिका वहिनींनी कपाटाच्या लॉकरमध्ये, मंगळसूत्राच्या डबीखाली ठेवली. दादानं घरी आल्यावर पहिलं काय केलं असेल तर टेप काढून सहा फूट मोजले. गिटार भरतभाईकडे गेली. यंत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पलंगाखाली. हाती घेतलेली कुठलीही गोष्ट त्यानं आयुष्यात अर्धवट केली नव्हती. हे पथ्यही त्यानं तसंच पाळलं. मिक्सर लागला की बाल्कनीत जायचा.

तीन वर्षं. आधी त्याचं बोलणं कमी झालं, मग चालणं. टीव्हीसमोर बसायचा, पण चॅनेल बदलायचा नाही. लागलं असेल ते. दाढी आठवड्यानं करू लागला. खालच्या मजल्यावरचे पटेलकाका, ज्यांनी पूर्वी त्याच्याविरुद्ध सोसायटीत दोन अर्ज दिले होते, ते मला जिन्यात थांबवून विचारू लागले, "हमणां जयुभाईनो अवाज नथी आवतो. तबियत सारी छे ने?" रविवारी तो भरतभाईच्या गोदामापाशी जायचा. भरतभाईनं हंबकरवाला एक नवा गिटारिस्ट धरला होता. दादा आत जायचा नाही. बाहेर पाइपांच्या ढिगावर बसून ऐकायचा. एकदा मी बरोबर होतो.

"कसं वाजवतोय?" मी विचारलं.

"स्वच्छ," दादा म्हणाला. यापेक्षा वाईट शब्द मी त्याच्या तोंडून ऐकलेला नाही.

पुढे माझंच ब्लडप्रेशर वाढलं आणि मी त्याच डॉक्टरांकडे गेलो. निघता निघता, दाराच्या मुठीवर हात ठेवून, विचारलं. पेसमेकर असलेल्या माणसानं इलेक्ट्रिक गिटार वाजवली तर?

"वगाडवा दो ने, भाई," डॉक्टर कागदावरून नजर न काढता म्हणाले. "मॅग्नेट छातीने नहीं अडाडवानुं, एटलुं ज. एक वेंत आघुं राखवानुं."

वाजवू दे की, छातीपासून वीतभर लांब ठेवायचं, बस. मला चार दिवस लागले ते दादाकडे न्यायला. वहिनी भाजीला गेल्याचं पाहून गेलो. तो बाल्कनीत बसला होता. मी सांगून टाकलं, एका दमात, जसं पूर्वी खोटं सांगितलं होतं तसं.

त्यानं एकच विचारलं. "किती?"

"एक वीत."

त्यानं अंगठा कॉलरखालच्या, पेसमेकरच्या उंचवट्यावर ठेवला आणि करंगळी खाली ताणली. करंगळी बरगड्यांवर टेकली. तिथून त्यानं दुसरी वीत घातली, ती बेंबीपाशी पोचली. तो तिकडेच पाहत राहिला.

"माझी तर मांडीवर असायची रे," तो म्हणाला.

मी बोलायला हवं होतं ते तीन वर्षांपूर्वी.

"सहा फूट कुणी काढलं?"

"मी. म्हणजे, वहिनी मला..."

"तिचं नाव घेऊ नकोस." आवाज चढला नव्हता. "तिला कळू द्यायचं नाही, की मला कळलं. शब्द दे."

मी शब्द दिला. मग तो आत गेला आणि खाली वाकून पलंगाखालून यंत्र ओढू लागला. मी मदतीला गेलो तर दोन्ही भुवया वर. पंखा बंद केला. रीळ लावलं, रिकामी बॉबिन लावली, तार चिमटीत धरली. चारशे वेढ्यांना तुटली. पुन्हा लावली. दीडशेला तुटली. तिसऱ्यांदा काउंटर हललाही नाही. त्यानं अंगठा तर्जनीवर घासून पाहिला, नोट खरी आहे का पाहतात तसा.

"तार लागतच नाही बोटांना," तो म्हणाला. "आहे की नाही, कळत नाही."

"सवय गेली असेल, दादा. परत येईल."

"गिटार आण म्हणशील, तर बोटांची कातडी पण मऊ झालीये. बघ." त्यानं डाव्या हाताची बोटं माझ्यापुढे धरली. एकेकाळी त्या टोकांवर घट्टे होते, काडी घासली तर पेटेल असे. आता ती माझ्यासारखी होती. कारकुनाची.

त्यानं तुटलेल्या तारा वेचल्या. वहिनींच्या पायात जाऊ नयेत म्हणून फरशीवरून हात फिरवून एकेक शोधली. यंत्र परत प्लॅस्टिकमध्ये गेलं. त्या येईपर्यंत पंखाही सुरू झाला होता.

त्यानंतर तो आठ-नऊ महिने होता. गेला तो न्यूमोनियानं. पेसमेकर शेवटपर्यंत उत्तम चालू होता, असं डॉक्टरांनी आम्हाला मुद्दाम सांगितलं. भरतभाईनं गिटार दोनदा घरी आणून दिली होती, पण दोन्ही वेळा दादानं वहिनींसमोर ती परत पाठवली. "नको बाबा. डॉक्टरांनी सांगितलंय."

मी त्याला शेवटचं धड पाहिलं ते माझ्या मुलीच्या साखरपुड्यात. निजामपुऱ्यातलाच हॉल, पोरांनी लावलेली गाणी, माणसाएवढे दोन स्पीकर. दादा पहिल्याच रांगेत, उजव्या स्पीकरला जवळजवळ टेकून बसला होता. नवा सदरा, गुळगुळीत दाढी. गाण्यात कुठेतरी एक खरखरीत गिटार होती आणि त्याचा डावा पाय ठेका धरत होता.

वहिनी ताटं सोडून धावत आल्या.

"अहो, तिथे काय बसलात! उठा आधी! केवढं मॅग्नेट असतं त्यात!"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे नाटक नव्हतं. त्या खरोखर घाबरल्या होत्या. कूलरपाशी आम्ही दोघांनी बनवलेलं ते वाक्य इतकी वर्षं रोज म्हणता म्हणता त्यांच्या जिवात उतरलं होतं.

दादा उठला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि स्पीकरकडेच तोंड ठेवून मागं सरकू लागला.

"इथे?" त्यानं विचारलं.

"अजून."

"इथे?"

"अजून मागे, अजून. तुम्हाला कळत कसं नाही?"

माणसं पाय बाजूला घेत वाट करून देत होती. तो एकेक पाऊल मागं जात राहिला, तिसरी रांग, सहावी रांग, हात धुवायच्या नळांपाशी, जिथे गाण्याचा नुसता धब-धब पोचत होता. तिथे भिंत लागली. त्यानं खुर्ची ठेवली आणि वहिनींकडे पाहिलं.

"आता बसा," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या हातात ताट दिलं.